बुडीचा दाखला

मराठीत क्रियापदांची वाण नाही. पाण्याच्या बाबतीत तर मुळीच नाही. माणूस पोहतो, डुंबतो, तरंगतो, सूर मारतो, मुटका मारतो, बुडी घेतो, तळ गाठतो आणि दैव फिरले तर बुडतो. एवढा साठा हाताशी असताना गेल्या दहा-पंधरा वर्षांत ‘स्कूबा करणे’ हे नवे क्रियापद आपल्याकडे रुजले आहे, आणि उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या आमच्या तीन जोडशहरांत त्याचे पीक विशेष जोमात आहे. दिवाळीची वा मे महिन्याची सुट्टी संपली की लोकलच्या डब्यात, सोसायटीच्या आवारात, कचेरीत एकच वृत्तांत कानी पडतो: मालवणला गेलो, किल्ला पाहिला, सुरमई खाल्ली, स्कूबा केला. शेवटच्या दोन क्रियांना त्या वाक्यात सारखेच वजन असते.

‘स्कूबा’ हा शब्द मुळात इंग्रजी आद्याक्षरांचा आहे. पाण्याखाली श्वास घेण्याचे स्वयंपूर्ण उपकरण, असा त्याचा अर्थ. म्हणजे ते नाव साधनाचे आहे, कृतीचे नव्हे. ‘स्टेथोस्कोप केला’ असे म्हणून कोणी वैद्य होत नाही. परंतु ‘स्कूबा केला’ असे म्हटल्याबरोबर बोलणारा पाणबुड्या झाल्यासारखा वाटतो, ऐकणाऱ्यालाही आणि (येथेच खरी अडचण आहे) स्वतःलाही. ‘बुडी मारली’ म्हटले की किती खोल, कोणी शिकवले, तळ लागला का, असे प्रश्न आपोआप येतात. ‘स्कूबा केला’ म्हटले की फक्त ‘व्हिडिओ दाखव’ असे म्हणता येते.

मालवणात प्रत्यक्षात काय घडते, ते तेथे न गेलेल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतालचा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला; तेथे उथळ पाण्यात खडक आहेत, प्रवाळ आहेत, रंगीत मासे आहेत. पर्यटकाला होडीतून नेतात, एका अर्जावर सही घेतात, तोंडात श्वासनळी कशी धरावी, कानात दडे बसले तर नाक दाबून हवा कशी सोडावी हे पाच-दहा मिनिटांत सांगतात, आणि मग एक स्थानिक तरुण त्याला हाताशी धरून काही मीटर खाली नेतो. टाकीची झडप, जाकिटातली हवा, खोली, वेळ, वर येण्याचा वेग हे सगळे त्या तरुणाच्या हातात. पर्यटकाचे काम श्वास घेणे आणि घाबरू नये एवढेच. पंधरा-वीस मिनिटांत तो वर येतो. चित्रफीत पैशांत धरलेली असते.

यात गैर काहीही नाही, हे आम्ही आधीच स्पष्ट करून ठेवतो, कारण प्रमाणपत्राचा विषय निघाला की सामान्य माणसाच्या आनंदावर नाके मुरडणारे काही शुद्धिवादी लगोलग पुढे सरसावतात. प्रशिक्षकाच्या हाताला धरून केलेल्या अशा ‘परिचय-बुडी’ला जगभर मान्यता आहे. तिच्यासाठी आंतरराष्ट्रीय मानके आहेत, तिला १२ मीटरची कमाल मर्यादा घातलेली आहे, आणि तिच्यासाठी पर्यटकाजवळ कसलेही कार्ड असण्याची अट नाही. एरवी ज्याने आयुष्यात माशाकडे ताटाबाहेर पाहिलेले नाही, त्याने एकदा तरी त्याला त्याच्या घरी जाऊन पाहावे, हे चांगलेच आहे. आमचा आक्षेप त्या पंधरा मिनिटांना नाही. ती पंधरा मिनिटे ‘शिक्षण’ म्हणून खात्यावर जमा केली जातात, तेथे आमचा आक्षेप सुरू होतो.

गेल्या हिवाळ्यात बदलापूर लोकलमध्ये आमच्या शेजारी बसलेला एक तरुण इंटरनेटवरून जुनी टाकी आणि श्वासयंत्र विकत घेण्याच्या गोष्टी मित्रापाशी करीत होता. मालवणला चार वेळा जाऊन आलेला. आता मालवण कशाला, आपल्याकडे पाणी काय कमी आहे, असा त्याचा सवाल होता. आम्हांस राहवले नाही. कोठे शिकलात, म्हणून विचारले.

“काका, त्यात शिकायचं काय? तोंडाने श्वास घ्यायचा, बस्स. मी लहानपणापासून विहिरीत पोहलोय.”

“आणि वर येताना?”

“वर येताना काय? वर यायचं.”

हा तरुण मूर्ख नव्हता. उलट त्याच्याजवळ जे होते ते आजकाल दुर्मीळ आहे: पाण्याची भीती नसणे आणि अंगात मुरलेले पोहणे. दुर्दैव असे, की टाकी पाठीला लावताच नेमके तेच अंगात मुरलेले ज्ञान उलटते. हा मुद्दा नीट समजून घेतल्याखेरीज प्रमाणपत्राची सगळी चर्चा पोकळ राहते, म्हणून येथे थोडे थांबू.

आपल्याकडे पोहणे विहिरीत शिकत. पाठीला पत्र्याचा डबा किंवा वाळका भोपळा बांधून काका-मामा पाण्यात ढकलून देत. काही दिवसांनी डबा सुटे, मग सूर, मग मुटका आणि शेवटी बुडी. ‘याला पोहता येते’ हे सिद्ध व्हायचे ते तळाची माती मुठीत धरून वर आणल्यावर. मूठ उघडून दाखवली की झाले, तोच दाखला. या सगळ्या शिक्षणाचे मर्म एकच: खाली जाण्यापूर्वी छाती भरून श्वास घे आणि तो कसोशीने धरून ठेव. जो जास्त वेळ धरील तो मोठा. श्वास धरून खाली जाणाऱ्याची फुप्फुसे पाण्याच्या दाबाने आक्रसतात आणि वर येताना जेवढी होती तेवढीच पुन्हा होतात. त्याहून मोठी होण्याचा प्रश्नच येत नाही, कारण मधल्या काळात आत नवी हवा गेलेलीच नसते.

टाकीतला श्वास तसा नाही. श्वासयंत्र भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्या दाबाने हवा देते. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट, म्हणून तेथे भरलेल्या एका छातीत पृष्ठभागावरच्या दोन छात्यांची हवा मावते. आता तो विहिरीतला पोहणारा एखाद्या क्षणी घाबरला (चष्म्यात पाणी शिरले, नळी सुटली, काहीही होऊ शकते) तर काय करील? जे बाराव्या वर्षी काकांनी शिकवले तेच. श्वास घट्ट धरील आणि पाय मारून वर येईल. त्या वर येण्यात छातीतली हवा दुप्पट होऊ पाहते. फुप्फुस फाटते, हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात, मेंदूकडे जातात. यासाठी फार खोली लागते असेही नाही. दीड-दोन मीटरवरूनही असे घडल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. किंबहुना प्रमाणाच्या दृष्टीने सर्वांत मोठा फरक वरच्या १० मीटरांतच पडतो. २० मीटरवरून १० मीटरवर येताना तीच हवा दीडपटच होते. तेव्हा ‘आम्ही काय फार खोल जात नाही’ हे समाधान मुळातच फसवे आहे. नायट्रोजनचे बुडबुडे होऊन सांधे धरण्याचा जो विकार लोक ऐकून असतात, त्याचा धोका मालवणच्या उथळ आणि अल्पकाळच्या बुडीत जवळजवळ नाही. भीती नको त्याची बाळगतात आणि हवी त्याची बाळगत नाहीत.

म्हणून स्कूबाचा पहिला नियम ‘कधीही श्वास धरू नये’ असा आहे. तो एका ओळीत सांगता येतो आणि पोहणाऱ्याच्या अंगात उतरवायला दिवस लागतात. चष्मा मुद्दाम पाण्याने भरून घेऊन तो खालीच रिकामा करणे, तोंडातली नळी सोडून पुन्हा शोधणे, सोबत्याच्या नळीतून श्वास घेत संथपणे वर येणे, हे सारे उथळ तलावात पुन्हापुन्हा करून घेतात ते याच कारणासाठी. जुनी सवय मोडून तिच्या जागी नवी बसवायची असते. पोहता न येणाऱ्याला एक वेळ ती लवकर बसते, असे आम्हांस प्रशिक्षकांकडून ऐकायला मिळाले आहे, आणि त्यात तथ्य असावे.

हे प्रमाणपत्र आले कोठून, त्याचाही इतिहास पाहण्यासारखा आहे. १९४३ साली फ्रान्समध्ये जाक कुस्तो व एमिल गान्यां यांनी श्वासयंत्र सिद्ध केले तेव्हा अर्थातच कोणाजवळ कसलेही कार्ड नव्हते. पुढची काही वर्षे अमेरिकेत ही यंत्रे खेळाच्या दुकानांत मिळत. पैसे मोजावेत आणि समुद्रावर जावे. माणसे मेली. मग १९५०च्या दशकाच्या मध्यास लॉस एंजेलिस परगण्याने आपल्या कर्मचाऱ्यांना कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संस्थेत कॉनराड लिम्बॉ यांच्याकडे शिकण्यास पाठवले आणि पहिला सार्वजनिक अभ्यासक्रम सुरू केला. आज जगभर पसरलेली ‘पॅडी’ ही संस्था त्यानंतरची, १९६६ची. लिम्बॉ स्वतः १९६० साली फ्रान्समधील एका पाण्याखालच्या गुहेत वाट चुकून मरण पावले. त्या काळातला त्यांच्याइतका जाणता पाणबुड्या शोधून सापडला नसता. पण गुहेतले पाणी मोकळ्या समुद्राहून वेगळी विद्या मागते, आणि ती विद्या तेव्हा कोणाजवळच नव्हती.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की हे कार्ड बहुतेक देशांत सरकार देत नाही. ते धंद्याने धंद्यासाठी घातलेले बंधन आहे. ‘पॅडी’च्या प्राथमिक अभ्यासक्रमात २०० मीटर न थांबता पोहून आणि १० मिनिटे तरंगून दाखवावे लागते, लेखी परीक्षा द्यावी लागते, समुद्रात चार बुड्या माराव्या लागतात, मग १८ मीटरपर्यंत सोबत्यासह जाण्याची मुभा मिळते. ते एकदा मिळाले की आयुष्यभर चालते, हा आमच्या मते त्यातला मोठाच दोष आहे. दहा वर्षांत पाण्याचे तोंड न पाहिलेला कार्डधारक आणि काल शिकलेला कार्डधारक कागदावर एकसारखे. शिवाय हा धंदा आहे हेही विसरू नये. ‘पॅडी’च्या आद्याक्षरांचा ‘टाका अजून एक डॉलर’ असा विस्तार खुद्द पाणबुडेच थट्टेने करतात, आणि एकामागून एक काढलेले वरचे-वरचे अभ्यासक्रम पाहिले की ती थट्टा अगदीच अनाठायी वाटत नाही.

तेव्हा कागदावरचा अविश्वास आम्हांस कळतो. कळायलाच हवा, आम्ही उल्हासनगरच्या शेजारी राहतो. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकी मिळाल्या, १९४९ साली त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले, आणि ज्यांचे सगळे कागद सीमेपलीकडे राहिले होते अशा माणसांनी केवळ हातांतल्या हुन्नराच्या बळावर एक उद्योगनगरी उभी केली. येथल्या मालावरचे ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद सर्वांना ठाऊक आहे. त्यात हेटाळणी आहे तसे कौतुकही आहे. दाखल्यावाचून काम येणे ही या गावाची परंपरा. परंतु त्याच गावाने दुसरी बाजूही पाहिली आहे. भोगवटा प्रमाणपत्रांवाचून उभ्या राहिलेल्या इमारती नियमित करण्यासाठी २००६ साली या एका शहरापुरता खास कायदा करावा लागला; आणि मे २०२१ मध्ये दोन आठवड्यांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली. खोटे लेबल लावलेली जीन्स फाटली तर नवी घेता येते. स्लॅबचे तसे नाही, श्वासयंत्राचेही नाही.

परंतु दाखला कोणाकडे मागायचा, हा प्रश्न शिल्लक राहतोच. आणि येथे आमच्या नदीकडे पाहणे भाग आहे.

उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरांत उगम पावून कर्जत, नेरळ, बदलापूर करीत कल्याणला येते आणि पुढे खाडी होते. त्या खाडीवर जी रेतीबंदरे आहेत, तेथे पिढ्यानपिढ्या माणसे बुडी मारून रेती काढीत आली. होडी नांगरायची, लांब बांबू तळाशी रोवायचा, एका हाताने बांबू धरून दुसऱ्या हातात बादली घेऊन उतरायचे, गढूळ काळोखात चाचपडत बादली भरायची, आणि वरच्याने ती ओढून घेतली की आपण वर यायचे. तीस-चाळीस फूट पाणी. दिवसभरात कितीदा, ते ज्याचे त्याला माहीत. चष्मा नाही, टाकी नाही, कानांतून रक्त येणे हा रोजच्या कामाचा भाग. मुंबई-ठाण्यातल्या किती इमारतींच्या भिंतींत ही ओंजळीओंजळीने काढलेली रेती आहे, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. २०१० साली उच्च न्यायालयाने रेती उपशावर बंदी घातली, पुढे ती अटींसह सैल झाली, दरम्यान शोषण पंपांनी माणसांची जागा बरीचशी घेतली. खाडीचे हाल झाले ते वेगळेच. शासनाच्या वाळूविषयक कागदपत्रांत मात्र ‘हातपाटी-डुबी पद्धत’ हा शब्द कायम आहे. तिच्यासाठी परवाना मिळतो. तो रेतीचा असतो, ब्रासवर मोजलेला. बुडी मारणाऱ्याचा नसतो.

किती खोल जावे, दिवसात किती बुड्या, दोन बुड्यांमध्ये विसावा किती, कानाचा पडदा फाटला तर काय, वय किती असावे, याबद्दल मालवणला सहलीला गेलेल्या पर्यटकासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे. रेतीवाल्यासाठी ही चौकशी कोणी करीत नाही. दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरील हेन्यो स्त्रिया अशाच श्वास धरून समुद्रतळाचे शिंपले काढतात. त्यांच्यात अनुभवानुसार तीन श्रेण्या आहेत, कोणी किती खोल जायचे हे त्यांची मंडळी ठरवते, नवखीला उथळ पाण्यात ठेवतात. २०१६ साली युनेस्कोने त्यांच्या परंपरेला अमूर्त वारसा म्हणून मान दिला. कार्ड नाही, परंतु दाखला आहे. आमच्या डुबीवाल्यांतही जाणते-नेणते असणारच. पण त्यांच्या ज्ञानाला नाव द्यावे असे कधी कोणास वाटले नाही. साहित्यातही नाही. ग्रामीण, दलित, कामगार असे नाना प्रवाह मराठीत वाहिले, आणि ज्यांच्या रेतीवर हे महानगर उभे राहिले, त्या पाण्याखालच्या माणसांची आमच्या वाचनात आलेली पाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच.

या दोन बुड्या, एक हौसेची आणि एक पोटाची, एकाच विषयात आम्ही का कोंबतो, असे वाचक विचारील. कारण त्यांना जोडणारा दुवा आमच्या शहरांत तुटला आहे. अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराला वळसा घालून जाणारी वालधुनी आज रसायनांचा नाला आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिच्यात ओतलेल्या रसायनाच्या वायूने उल्हासनगरात शेकडो लोकांना रुग्णालयात जावे लागले. उल्हास नदीला उन्हाळ्यात जलपर्णीची गोधडी चढते. विहिरी बुजल्या, त्यांवर सदनिका आल्या. परिणामी या शहरांतले मूल पाण्याला प्रथम भेटते ते एक तर पावसाळ्यात कोंडेश्वराच्या धबधब्याखाली, मित्रांच्या टोळक्यात, नाही तर मालवणात, पैसे मोजून, टाकी लावून. मधल्या पायऱ्या गेल्या. डबा नाही, काका नाहीत, मुठीतली माती नाही. आणि दरवर्षी जून-जुलैत धबधब्यांवर व धरणांवर मनाईचे आदेश निघतात, दरवर्षी कोंडेश्वर, बारवी, चिखलोली यांपैकी कोठली तरी बातमी येते, आणि दरवर्षी त्या बातमीत एक ओळ असते: स्थानिक पोहणाऱ्यांच्या मदतीने मृतदेह बाहेर काढण्यात आला.

हे ‘स्थानिक पोहणारे’ कोण? त्यांना नाव नसते. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, हजारावर प्रवासी आत. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आले, नौदलाचे पाणबुडे आले, हेलिकॉप्टर आले. त्या सर्वांचे ऋण मोठेच आहे. परंतु आसपासच्या चामटोलीसारख्या गावांतले लोकही त्या पाण्यात उतरले होते, आणि त्यांना ते पाणी नकाशावाचून ठाऊक होते. दाखल्याचा विचार करायचा तर तो आम्ही येथून सुरू करू.

आमचे म्हणणे दोन ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी मागते, आणि त्यात विसंगती आहे असे आम्हांस वाटत नाही. स्वतःच्या श्वासावर जो बुडतो त्याच्याकडे प्रमाणपत्र मागण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्याचे ज्ञान ओळखून त्यावर दाखला देणे हे आपले काम. टाकीच्या श्वासावर जो बुडतो त्याचे वेगळे. तो श्वास त्याचा नाही, कोणीतरी दाबाने भरून विकलेला आहे, आणि विकणाऱ्याची जबाबदारी तेथे सुरू होते. जगात बहुतेक ठिकाणी खरा पहारा समुद्रकिनाऱ्यावर नसतो, टाकी भरणाऱ्या यंत्रापाशी असतो. चांगला दुकानदार कार्ड पाहिल्याशिवाय टाकी भरून देत नाही, भाड्यानेही देत नाही. आपल्याकडे हा रिवाज पडला पाहिजे. २०२१ साली राज्याने साहसी पर्यटनाचे धोरण आणले आणि जमीन, हवा, पाणी या तिन्हींवरील व्यावसायिकांना नोंदणीची अट घातली, हे योग्यच झाले. त्याच्या कक्षेत टाक्या भरणारे आणि जुनी साधने विकणारेही यावेत.

मालवणच्या स्थानिक तरुणांविरुद्ध हा कोल्हा आम्ही उठवलेला नाही, हे सांगणे आवश्यक आहे. त्यांच्यापैकी अनेक कोळी-गाबितांच्या घरांतले, पाणी जन्मापासून जाणणारे. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था उभी राहिली आणि सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांच्यासारख्यांनी तेथील मुलांना रीतसर शिकवले, तेव्हा अंगचे ज्ञान आणि कागदाचे ज्ञान प्रथमच एका माणसात एकत्र आले. हीच दिशा. परंतु २४ मे २०२२ रोजी स्कूबाहून पर्यटक घेऊन परतणारी होडी तारकर्लीजवळ उलटली, वीस पर्यटक पाण्यात पडले, दोघे गेले. बुडी सुखरूप झाली होती. माणसे दगावली ती किनारा दिसत असताना. पाण्याखालच्या प्रमाणपत्राने पाण्यावरच्या होडीची हमी मिळत नाही, आणि मालवणला जाणाऱ्या आमच्या चाकरमान्यांनी टाकीपेक्षा आधी जाकिटाची चौकशी करावी हे उत्तम.

आणखी एक गोष्ट, जी या पानांवरच बोलण्याजोगी आहे. आम्ही पाहिलेला तो सहीचा अर्ज इंग्रजीत होता. दमा आहे का, हृदयविकार आहे का, कानाची शस्त्रक्रिया झाली आहे का, हे प्रश्न त्यात होते. होडीतल्या एकानेही ते वाचले नाहीत, सगळ्यांनी खाली सह्या केल्या. कानांतला दाब सारखा करण्याला सुटसुटीत मराठी शब्द रूढ नाही. जाकिटातली हवा कमीजास्त करून पाण्यात अधांतरी स्थिर राहण्यालाही नाही. आणि ज्याला शब्द नाही ते शिकवायचे राहून जाते, मग पर्यटकाचे पाय प्रवाळावर टेकतात. सावकाश वाढणारी ती फांदी एका लाथेत तुटते. खुणांचेही तसेच. पाण्याखाली ‘सर्व ठीक’ म्हणजे अंगठा व तर्जनी जुळवून केलेले वर्तुळ. आणि अंगठा वर याचा अर्थ ‘मला वर न्या’. मालवणच्या चित्रफितींत आमच्या ओळखीपाळखीचे निम्मे लोक कॅमेऱ्याकडे पाहून हसत-हसत अंगठा वर करतात. सोबतचा तरुण जाणता असतो म्हणून तो त्यांना खालीच ठेवतो.

उल्हासनगर महानगरपालिका, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूरच्या नगरपरिषदा यांच्या अग्निशमन विभागांनी आपापल्या हद्दीतील ते बिननावाचे पोहणारे शोधावेत, त्यांची यादी करावी, त्यांना मानधन द्यावे, आणि त्यांच्यातल्या इच्छुकांना तारकर्लीस पाठवून टाकीची विद्या रीतसर शिकवून आणावी; खाडीवरच्या जुन्या डुबीवाल्यांपैकी कोणी येत असेल तर त्याला आधी बोलवावे. त्यांच्यासाठी चाळीस पानांची एक मराठी पुस्तिका लागेल, चित्रांसह. ती लिहायला आम्ही तयार आहोत, तपासायला पाणबुडे हवेत. प्राथमिक अभ्यासक्रम चार-पाच दिवसांचा असतो. पावसाळ्यात मालवणचे पाणी बंद, आणि येथे नेमकी तेव्हाच माणसांची गरज लागते, म्हणून हे मे महिना संपण्यापूर्वी व्हावे लागेल.